काइनेज-निरोधक रेणूंची घडण : इमॅटिनिबच्या निमित्ताने

रोगाचे नेमके कारण हाती आले म्हणजे त्याला अनुरूप असे औषध बुद्धिपुरस्सर घडविता यावे, ही औषधी रसायनशास्त्राची फार जुनी आकांक्षा होय. पाउल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती स्पष्ट शब्दांत मांडली. तथापि पुढील कित्येक दशके बहुसंख्य औषधे सापडत गेली, घडविली गेली नाहीत. औषधाचा गुण आधी अनुभवास यावा आणि त्याचे कारण मागाहून उलगडावे, हाच सामान्य क्रम राहिला. हा क्रम उलट करून दाखविणारे उदाहरण म्हणून आज ज्या औषधाचा उल्लेख हटकून केला जातो ते इमॅटिनिब होय. हा उल्लेख रास्तच आहे; परंतु ही हकीकत ज्या सरळपणाने सांगितली जाते तितकी ती सरळ नाही. इमॅटिनिब योजनापूर्वक घडविले गेले हे निर्विवाद. मात्र ज्या गुणामुळे ते निवडक ठरले त्या गुणाचे मूळ ते घडविणाऱ्यांस त्या वेळी ठाऊक नव्हते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, हे समजून घेतल्यावाचून काइनेज-निरोधकांच्या पुढील इतिहासातील यशापयशाचा उलगडा होत नाही.

ज्या विकारावर हे औषध योजले गेले तो चिरकारी मज्जाजन्य ल्युकेमिया, म्हणजे श्वेतकोशिकार्बुदाचा एक प्रकार. अस्थिमज्जेतील एखाद्या रक्तजनक पेशीत बिघाड व्हावा, तिच्या संततीने सारी मज्जा व्यापावी, रक्तातील श्वेत पेशींची संख्या बेसुमार वाढावी, काही वर्षे रोग संथपणे चालावा आणि अखेरीस त्याने तीव्र व बहुधा प्राणघातक रूप धारण करावे, असा त्याचा क्रम. इ. स. १९६० मध्ये फिलाडेल्फिया येथील पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र आढळले. कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकाराशी सातत्याने निगडित असलेला गुणसूत्रातील दोष हा प्रथमच दृष्टीस पडला; शहराच्या नावावरून त्यास फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. तुटलेला भाग नाहीसाच झाला असावा, असा समज बरीच वर्षे होता. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी गुणसूत्रे रंगविण्याच्या नव्या पद्धतींच्या साहाय्याने दाखवून दिले की, बाविसाव्या गुणसूत्राचा हा भाग हरवलेला नसून नवव्याच्या टोकास जाऊन जडला आहे. पुढील दशकात या अदलाबदलीची दुसरी बाजू उघड झाली. नवव्या गुणसूत्रावरील एबल हे जनुक बाविसाव्यावर येऊन तेथील बीसीआर या जनुकास जोडले जाते, आणि या जोडजनुकापासून पेशीत एक संमिश्र प्रथिन तयार होते.

एबल हे टायरोसीन काइनेज वर्गातील एंझाइम आहे. एटीपीच्या रेणूच्या टोकावरील फॉस्फेट उचलावयाचे आणि दुसऱ्या एखाद्या प्रथिनातील टायरोसिनाच्या हायड्रॉक्सिल गटावर ठेवावयाचे, एवढेच या वर्गाचे काम. परंतु पेशीने विभागावे की थांबावे, जगावे की मरावे, यासंबंधीचे आदेश याच फॉस्फेटांच्या देवघेवीतून पुढे जातात. निरोगी पेशीत एबल बहुतेक काळ स्वस्थ असते व प्रसंग येईल तेव्हाच जागे होते. संमिश्र प्रथिनात ते सदैव जागे असते : बीसीआरकडील भागामुळे हे रेणू परस्परांना चिकटून एकमेकांस उद्दीपित करतात, शिवाय एबलचा अग्रभाग या जोडणीत गळून पडलेला असतो. हा दुसरा तपशील वरकरणी क्षुल्लक वाटतो. त्याचे महत्त्व शेवटी दिसून येईल. १९९० मध्ये जॉर्ज डेली, रिचर्ड व्हॅन एटन व डेव्हिड बॉल्टिमोर यांनी हे जोडजनुक उंदरांच्या मज्जापेशींत घातले, तेव्हा त्या उंदरांना मानवी रोगासारखाच ल्युकेमिया झाला. एक दोष, एक प्रथिन, एक रोग असा हा दुर्मीळ योग होता. बहुतेक कर्करोगांत असे एकच एक कारण दाखविता येत नाही, हे येथे विसरता कामा नये.

मग हे एंझाइम अडविणारा छोटा रेणू तयार करावयाचा, एवढेच उरते असे वाटेल. परंतु १९८० च्या दशकात अनेक जाणकारांना हे कार्य असाध्य वाटत होते, आणि त्यांची कारणे बिनतोड होती. पहिले असे की, एटीपी ज्या खाचेत बसते ती खाच सर्व काइनेजांत जवळजवळ सारखी असते. मानवी जनुकसंचात अशी ५१८ काइनेजे असल्याची गणती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यापूर्वीही ती शेकड्यांनी असणार हे उघड होते. एका खाचेत बसणारा रेणू बाकीच्यांतही बसणार आणि पेशीचा सारा व्यवहार ठप्प करणार. जपानमध्ये १९७७ साली जिवाणूंपासून वेगळे केलेले स्टॉरोस्पोरीन हे द्रव्य नेमके असेच वागते : निरोधक म्हणून ते अत्यंत प्रभावी, आणि विवेक मात्र मुळीच नाही. दुसरी अडचण संख्येची. पेशीत एटीपीची संहती मिलिमोलांच्या घरात असते. औषधाची त्याहून हजारो पटींनी कमी असावयाची. इतक्या गर्दीत जागा पटकावणे कसे जमावे? या निराशेला पहिला छेद दिला तो जेरुसलेमच्या अलेक्झांडर लेवित्झकी यांनी. १९८८ मध्ये त्यांनी टायरफोस्टिन नावाची संयुगे प्रसिद्ध केली. ती औषधे म्हणून फारशी उपयोगी पडली नाहीत, पण एक काइनेज अडवावे आणि शेजारचे सोडावे हे रसायनाला शक्य आहे एवढे त्यांनी सिद्ध केले.

बाझेल येथील सीबा-गायगी या कंपनीत अलेक्स माटर व निकोलस लायडन यांच्या मार्गदर्शनाखाली काइनेज-निरोधकांचे काम चालू होते. त्यांचे मुख्य लक्ष्य एबल नव्हते. रक्तबिंबाणूंपासून निघणाऱ्या एका वृद्धिकारकाचा ग्राही, हा त्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होता. आरंभीचा रेणू २-फेनिलअमिनोपिरिमिडीन या वर्गातील होता, आणि तोही प्रोटीन काइनेज-सी या भलत्याच एंझाइमाच्या चाचणीत हाती आलेला. या सामान्य कुवतीच्या रेणूपासून रसायनज्ञ युर्ग झिमरमन यांनी जे केले ते विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहण्याजोगे आहे. पिरिमिडिनाला पिरिडीन वलय जोडल्याने पेशींतील परिणाम वाढला. फेनिल वलयावर बेंझामाइड गट बसविताच टायरोसीन काइनेजांवर क्रिया दिसू लागली. परंतु काइनेज-सी वरील मूळची क्रिया अजून शिल्लक होती. तेव्हा त्याच वलयावर, दोन वलयांना सांधणाऱ्या नायट्रोजनाच्या शेजारी, एकच मेथिल गट बसविला गेला, आणि ती क्रिया नाहीशी झाली. एका कार्बनाने व तीन हायड्रोजनांनी रेणूचे फिरणे असे रोखले की काइनेज-सी ला हवी ती ठेवण त्याला घेताच येईना. औषधी रसायनात इतक्या थोडक्या सामग्रीने इतका मोठा भेद साधल्याची उदाहरणे विरळाच.

एवढे होऊनही हाती आलेला रेणू पाण्यात विरघळत नव्हता, आणि न विरघळणारा रेणू पोटातून रक्तात पोहोचत नाही. म्हणून त्याच्या एका टोकास एन-मेथिलपिपेराझीन जोडण्यात आले. ते थेट वलयास जोडले असते तर अॅनिलिनासारखा गट तयार झाला असता. अशा गटांपासून जनुकांस अपाय होण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी मध्ये एक मेथिलीन ठेवण्यात आले. हा रेणू म्हणजे इमॅटिनिब. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, यांतील एकही पाऊल एबलच्या रचनेकडे पाहून टाकलेले नव्हते, कारण ती रचना कोणी पाहिलेलीच नव्हती. कोणत्याही प्रोटीन काइनेजाची पहिली स्फटिकरचना सुसान टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली ती १९९१ मध्ये, आणि ते काइनेज एबलपासून नात्याने बरेच दूरचे होते. येथील घडण ही आंधळ्याने काठीने वाट चाचपावी तशी होती. फरक इतकाच की प्रत्येक पाऊल मोजून टाकलेले होते, आणि चुकलेले पाऊल मागे घेतले जात होते.

या संयुगाचा चिरकारी ल्युकेमियाशी संबंध जोडण्याचे श्रेय मुख्यतः ब्रायन ड्रुकर यांच्याकडे जाते. ऑरेगन येथे त्यांनी कंपनीकडून आलेली अनेक संयुगे तपासली आणि त्यांतील हेच सर्वांत सरस ठरविले. ड्रुकर, लायडन व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या पेशींपासून वाढणाऱ्या बीसीआर-एबलयुक्त वसाहती या द्रव्याने शेकडा ९२ ते ९८ घटल्या. निरोगी पेशींच्या वसाहतींना मात्र धक्का लागला नाही. रुग्णांवरील चाचणी जून १९९८ मध्ये सुरू झाली. इंटरफेरॉनाने गुण न आलेल्या व दररोज ३०० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. पहिल्या पायरीच्या चाचणीत, जेथे केवळ सुरक्षित मात्रा ठरवावयाची असते, असा निकाल कोणी अपेक्षिलेला नव्हता. १० मे २००१ रोजी अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली. १,१०६ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत, आरंभापासून इमॅटिनिब दिलेल्या गटातील सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात असल्याचे दिसून आले. संथ अवस्थेतून काही वर्षांत मृत्यूकडे नेणाऱ्या या रोगाच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

रेणू सिद्ध झाला तरी तो औषध होण्यास आणखी एक टप्पा असतो : कोणत्या लवणाच्या व कोणत्या स्फटिकाच्या रूपाने तो द्यावयाचा. इमॅटिनिब मेसिलेट लवणाच्या रूपाने दिले जाते, आणि त्या लवणाचे बीटा स्फटिकरूप गोळी करण्यास अधिक सोयीचे आहे. याच स्फटिकरूपावरून भारतात दीर्घ वाद झाला. त्याच्या पेटंटसाठी केलेल्या अर्जास मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने व काही भारतीय उत्पादकांनी विरोध केला. चेन्नईच्या कार्यालयाने २००६ मध्ये तो फेटाळला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निर्णय दिला. ज्ञात द्रव्याच्या नव्या रूपास पेटंट हवे असेल तर परिणामकारकता वाढल्याचे दाखवावे लागते, आणि औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची शक्ती, असा कायद्याचा अर्थ न्यायालयाने लावला. स्फटिकाची स्थिरता वा वाहण्याची सुलभता ही त्यात मोडत नाही. रसायनज्ञाच्या दृष्टीने हा भेद मार्मिक आहे : रेणूची घडण आणि स्फटिकाची निवड ही दोन्ही कौशल्येच, परंतु रोगाशी झगडणारा तो रेणू. निर्णयामुळे भारतीय उत्पादकांचे कितीतरी स्वस्त इमॅटिनिब येथील रुग्णांना मिळत राहिले. औषध जन्मभर घ्यावयाचे असल्याने ही बाब काही लहान नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. खाच सर्वत्र सारखी असताना इमॅटिनिब एबलला ओळखते कसे? या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर आले ते २००० मध्ये, म्हणजे रेणू तयार झाल्यावर सुमारे आठ वर्षांनी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जॉन कुरियन यांच्या प्रयोगशाळेने एबल व इमॅटिनिबचा एक जवळचा भाऊबंद यांच्या संयुक्त स्फटिकाची रचना क्ष-किरणांनी निश्चित केली. तिने सर्वांना चकित केले. रेणू जागृत एबलला धरीत नव्हता. तो निद्रिस्त एबलला धरीत होता. काइनेज क्रियाशील असताना क्रियास्थानाजवळील अॅस्पार्टिक अम्ल, फेनिल-अॅलॅनीन व ग्लायसीन हे तीन घटक एका ठरावीक रीतीने आत वळलेले असतात. फॉस्फेट अचूक जागी ठेवण्यासाठी ते तसे असावेच लागतात. म्हणून क्रियाशील काइनेजे परस्परांसारखी दिसतात. विसाव्याच्या अवस्थेत असे बंधन नसते, आणि तेथे प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एबलमध्ये हे घटक उलटे फिरून मागे एक खोल पोकळी उघडतात. पिरिडिनाने एटीपीच्या जागेची कड पकडावी आणि बेंझामाइडाने त्या पोकळीत शिरून दोन हायड्रोजन बंधांनी नांगर टाकावा, अशी इमॅटिनिबची बैठक आहे. झिमरमन यांनी अनुभवाने बसविलेला अमाइड गट हाच तो नांगर. इतकेच नव्हे, केवळ विद्राव्यतेसाठी जोडलेले पिपेराझीनही प्रथिनाशी दोन बंध जोडीत असल्याचे पुढे दिसून आले. शेपूट म्हणून लावलेला अवयव हाताचे काम करीत होता!

हे स्पष्टीकरण इतके सुबक आहे की तेथेच थांबण्याचा मोह व्हावा. तथापि एक शल्य राहिले. सार्क नावाच्या जवळच्या काइनेजात इमॅटिनिबला स्पर्श करणारे घटक जवळजवळ तेच आहेत, आणि योग्य परिस्थितीत सार्कही तीच उलटी ठेवण घेते. कुरियन यांच्याच प्रयोगशाळेने २००७ मध्ये ते स्फटिकात दाखविले. असे असूनही इमॅटिनिब सार्कला सुमारे तीन हजार पटींनी कमी घट्ट धरते. ब्रँडाइस विद्यापीठातील डोरोथी केर्न यांच्या गटाने २०१४ मध्ये याचा शोध स्थिर चित्रांऐवजी गतीच्या मापनाने घेतला. त्यांच्या मते निर्णायक फरक रेणू बसण्यापूर्वी नसून बसल्यानंतर आहे : इमॅटिनिब आत आल्यावर एबलचे प्रथिन त्याच्याभोवती आवळून बसते, सार्कला ते तितके साधत नाही. कुलूप व किल्ली ही एर्लिख यांच्या काळापासून वापरात असलेली उपमा येथे अपुरी पडते, कारण किल्ली शिरल्यावर आकार बदलणारे कुलूप कोणी पाहिलेले नाही.

निवडकतेचे जे मूळ तेच दौर्बल्याचेही मूळ ठरले. मान्यतेच्याच वर्षी, २००१ मध्ये, चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने औषध निष्फळ ठरलेल्या रुग्णांच्या पेशी तपासल्या. नऊपैकी सहा रुग्णांत एबलच्या ३१५ व्या स्थानावरील थ्रिओनिनाच्या जागी आयसोल्यूसीन आले होते. हे थ्रिओनीन खोल पोकळीच्या तोंडाशी असते, म्हणून त्यास द्वाररक्षक म्हणतात. त्याच्या हायड्रॉक्सिलाशी इमॅटिनिब एक हायड्रोजन बंध जोडते. आयसोल्यूसिनाला तो गट नाही, आणि त्याची शाखा वाटेत आडवी येते. एटीपीला मात्र या बंधाची मुळीच गरज नसते. एंझाइमाचे काम पूर्ववत चालते. औषध ज्या आधारावर उभे आहे तो आधार एंझाइमाला स्वतःच्या कार्यासाठी अनावश्यक असेल, तर रोगपेशी तो सहज टाकून देऊ शकते. निरोधकाच्या प्रत्येक आराखड्याला ही कसोटी लावून पाहावयास हवी; १९९२ मध्ये ती लावण्याइतकी माहितीच उपलब्ध नव्हती.

पुढील औषधे या एका कोड्याची निरनिराळी उत्तरे आहेत. डॅसॅटिनिबने (२००६) जागृत एबल पकडण्याचा मार्ग धरला; रसायनज्ञ जगबंधु दास यांच्या आडनावावरून त्याचे नाव पडले आहे. ते फार प्रभावी असले तरी सार्कसह इतर अनेक काइनेजांनाही अडविते. निलोटिनिबने (२००७) निद्रिस्त ठेवणीतच अधिक घट्ट बैठक साधली. पुष्कळशा बदललेल्या एबलांवर दोन्ही चालतात. द्वाररक्षकाच्या बदलापुढे दोन्ही हरतात. त्यावर मात केली पोनॅटिनिबने (२०१२). द्वाररक्षकाशी बंध जोडण्याचा नादच सोडून तेथे कार्बन-कार्बन त्रिबंधाचा सरळ, सडपातळ दांडा ठेवण्यात आला, आणि आयसोल्यूसिनाच्या बाजूने तो अंग चोरून आत गेला. युक्ती अप्रतिम खरी. परंतु रक्तवाहिन्यांशी संबंधित काइनेजांसह अनेक एंझाइमांवर हा रेणू क्रिया करतो, आणि रुग्णांत धमन्या अवरुद्ध होण्याचे प्रकार इतके आढळले की ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेत त्याची विक्री काही काळ थांबवावी लागली; नंतर ती निर्बंधांसह व सावध मात्रेत सुरू झाली.

खाच हीच अडचण असेल तर खाच सोडावी, हा विचार एबलच्या गळालेल्या अग्रभागाकडे परत नेतो. निरोगी एबलच्या अग्रभागावर मिरिस्टिक हे मेदाम्ल जोडलेले असते. २००३ मध्ये असे स्पष्ट झाले की, हे मेदाम्ल काइनेजाच्याच एका दूरच्या पोकळीत शिरून त्यास निद्रिस्त ठेवते. बीसीआर-एबलमध्ये अग्रभाग नसल्याने ती पोकळी रिकामी राहते. ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्यता मिळालेले अॅसिमिनिब तेथे बसते, आणि निसर्गाने योजलेली पण जनुकांच्या जोडणीत हरवलेली खुंटी जणू परत ठोकते. ही पोकळी फारच थोड्या काइनेजांत असल्याने निवडकता आपोआप येते. द्वाररक्षक बदललेल्या एबलवरही, अधिक मात्रेने का होईना, ते चालते. अर्थात या पोकळीतही बदल घडू शकतात. परंतु एकाच पेशीत दोन दूरच्या ठिकाणी दोन बदल एकदम घडून येणे कठीण. म्हणून अॅसिमिनिब व निलोटिनिब एकत्र देण्याचा प्रयोग उंदरांवर करण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात एकेकट्या औषधाने काही काळ दबलेला रोग पुन्हा उफाळला. दोन्ही औषधे मिळालेल्या उंदरांत मात्र उपचार थांबविल्यावरही तो परतला नाही.